निळी की करडी

तेजस्विनी गायधनी आणि मी चांदवडच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. ती फिजिक्स, मी मराठी. ती नाशिकच्या जेल रोडला राहते, मी तिथल्याच उपनगर भागात. गेली बरीच वर्षं आम्ही दोघी तिच्या मोटारसायकलवरून कॉलेजला जातो. म्हणजे चालवते ती आणि मागे बसते मी. एसटीपेक्षा बरं, असं मी घरी सांगते. खरं म्हणजे तिच्यामागे बसून जायला मला आवडतं. पण हे तिला कधी सांगितलेलं नाही आणि मागच्या वर्षी तिने मला जो ताप दिला, त्यानंतर सांगणारही नाही.

तिची जुनी गाडी दीडशे सीसीची, काळी. ती तिने एमएस्सी झाल्याझाल्या घेतली होती. शहरात ठीक होती, पण आम्हाला रोज आग्रा रोडने ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई करत चांदवड गाठायचं असतं. एखाद्या कंटेनरला ओलांडायला घेतलं की निम्म्यावरच त्या गाडीचा दम संपायचा. डावीकडे कंटेनरची चाकं, मागून ट्रॅव्हल्सचा हॉर्न, आणि मध्ये आम्ही दोघी, ना पुढे ना मागे. दिवाळीच्या सुट्टीआधी ओझरजवळ असंच अडकलो आणि मागच्या बसने आम्हाला जवळजवळ दुभाजकावर घातलं. तेजूने गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "बस झालं. मोठी गाडी घ्यायची."

मी म्हणाले, "घे."

ते 'घे' मी का म्हणाले, असं मी नंतर स्वतःला किती वेळा विचारलं असेल, सांगता येत नाही.

आठवडाभरात तिने बाजारातल्या सगळ्या गाड्या गाळून दोनच उरवल्या. दोन्ही साडेसहाशे सीसीच्या आसपासच्या. त्यांची नावं म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, ती मला कधीच पाठ झाली नाहीत. म्हणून मी एकीला निळी म्हणायला लागले आणि दुसरीला करडी. निळीला पुढे वाऱ्यासाठी प्लास्टिकचं आवरण, हँडल खाली, बसणारी बाई शर्यतीत निघाल्यासारखी वाकलेली. करडी उघडीवाघडी, हँडल रुंद आणि उंच, पाठ सरळ ठेवून बसायचं. निळी जोरात पळवली की खुलते, करडीला जोर खालूनच, म्हणजे कमी वेगापासूनच असतो, असं तेजूचं म्हणणं.

"मला दीडशेचा वेग नकोय, सायली," ती मला मधल्या सुट्टीत डबा खाताना समजावायची. "रोजच्या रस्त्यावर चाळीस ते ऐंशी, तेवढ्यातच खेळ असतो. तिथे गाडीने चटकन उसळी घेतली पाहिजे."

"मग करडी घे."

"पण वळणावर निळी जास्त भरवशाची वाटते म्हणतात."

"मग निळी घे."

"तुला काही गांभीर्यच नाही," असं म्हणून ती डबा बंद करायची.

दिवाळी गेली, थंडी आली, द्राक्षांचा हंगाम सुरू झाला, आणि हे चालूच. पहाटे उठून मोबाइल पाहावा तर तिने दोन व्हिडिओ पाठवलेले. त्यात हातमोजे घातलेला कुणीतरी मनुष्य हिंदीत ओरडतोय. एका व्हिडिओत निळी श्रेष्ठ, दुसऱ्यात करडी. स्टाफरूममध्ये ज्यांनी आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलं नाही त्यांनाही मत होतंच. केमिस्ट्रीचे सर म्हणाले, "मॅडम, त्यापेक्षा छोटी कार बघा." प्राचार्यांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या गाडीची बाईमाणसाला गरज काय?" तेजू त्यांना काहीच बोलली नाही. मला मात्र परतीच्या वाटेवर पिंपळगावपर्यंत सगळं ऐकवलं, हेल्मेटमधून, ओरडून.

तिच्या घरी तर त्याहून बिकट परिस्थिती. तिचे वडील, सावळीराम आप्पा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. आई बयाबाई मात्र मनात काही ठेवत नाहीत. मी गेले की चहा पुढे करून तक्रार सुरू. "सायली, तूच सांग गं तिला. जेवताना गाडी, झोपताना गाडी. घरात दुसरा इषयच नाय राहिला. आणि ती लय जड हाय म्हणं. पडली तर उचलणार कोण?"

आप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कुठलीबी घे, पण घे एकदाची."

तेजूचा थोरला भाऊ शेखर याचं टाइल्सचं दुकान आहे. शोरूमला तो सोबत येणार असं ठरलं, कारण मोठी खरेदी आहे, घरातलं कुणीतरी हवं. मीही गेले. ती माझी दुसरी चूक.

निळीच्या शोरूममधला विक्रेता तरुण, गुळगुळीत केस, हसतमुख. तो सरळ शेखरकडे गेला. "या सर! सर, तुमच्या हाइटला ही एकदम परफेक्ट आहे."

"गाडी मला घ्यायची आहे," तेजू म्हणाली.

"हो हो मॅडम, नक्की. स्कूटर सेक्शन वरच्या मजल्यावर आहे. सर, तुम्ही बसून बघा ना."

शेखर बसला. बिचारा संकोचाने बसला. विक्रेत्याने त्याला इंजिनाची माहिती दिली, ब्रेकची दिली, मायलेजची दिली. तेजूने प्रश्न विचारला की उत्तर शेखरला मिळायचं. इंजिनाची उष्णता पायावर किती येते असं तिने विचारलं तर तो शेखरला म्हणाला, "सर, जीन्स घातली की काही जाणवत नाही." शेवटी चालवून बघण्याची वेळ आली तेव्हा त्याने शेखरकडे लायसन्स मागितलं. शेखरने पाकिटातून काढून दिलं. विक्रेत्याने ते उलटसुलट पाहिलं.

"सर, हे तर फक्त कारचं आहे."

"हो," शेखर म्हणाला. "मला गिअरची गाडी येत नाही."

मला वाटलं आता तरी हा मनुष्य तिच्याकडे वळेल. तो म्हणाला, "मग असं करू. मी चालवतो, मॅडमना मागे बसवून चक्कर मारून आणतो."

तेजूचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला आणि दोन पावलं मागे सरकले. पण ती शांतपणे म्हणाली, "मागे बसून गाडी कशी पारखायची ते तुम्ही मला शिकवा." मग व्यवस्थापक बाहेर आला, बरीच चर्चा झाली, आणि शेवटी तिला मुंबई नाक्याच्या उड्डाणपुलाखालून एक फेरी मारू दिली. रिक्षा, सिग्नल, खड्डे. परत आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाय भाजतो. बाकी काय कळणार एवढ्यात?"

करडीच्या शोरूमला तर फेरी मारायला गाडीच नव्हती. पुण्याला गेली आहे, पुढच्या आठवड्यात येईल. पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात बॅटरी उतरली होती. दर वेळी तेजू कॉलेज संपवून, चांदवडहून एवढं अंतर तोडून, धुळीने माखून तिथे पोचायची, आणि तिथली मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणायची, "सॉरी मॅम, तुम्ही फोन करून यायचं ना." तेजू फोन करूनच जायची.

मी तिला म्हटलं, "टॉस कर." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दोन दिवस मला फार शांतता लाभली.

मग गंगापूर रोडवरचा प्रफुल्ल सापडला. तो मोठ्या गाड्या भाड्याने देतो. त्याच्या शेडमध्ये निळी आणि करडी दोन्ही उभ्या होत्या. त्याने तेजूचं लायसन्स पाहिलं, तिची जुनी गाडी पाहिली, चेनला बोट लावून पाहिलं. म्हणाला, "टाकी भरून परत आणा." बस. मिस्टर कुठे, भाऊ कुठे, काही नाही. तेजूला त्याला मिठी मारावीशी वाटली असणार. निदान मला तरी वाटली.

तिने शनिवारी निळी आणि रविवारी करडी घ्यायचं ठरवलं. रस्ता तोच, चांदवड आणि पुढे राहुड घाटापर्यंत.

"मागे तू बसणार," ती म्हणाली.

"मी का?"

"रोज मागे कोण असतं?"

तर निळी. तिची मागची सीट म्हणजे एका उंच खांबावर ठेवलेली छोटी उशी. मी वर आणि तेजू खाली. गुडघे माझ्या कानांपाशी. तिने ब्रेक दाबला की मी घसरून तिच्या पाठीवर आदळायची, माझं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर, टक्. आडगावपर्यंत मी ते टक्‌टक् मोजायचं सोडून दिलं. पिंपळगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग बाजार समितीपासून रस्त्यावर आलेली, त्यातून पुढे सरकताना इंजिनाची धग माझ्याही पायापर्यंत पोचली. मी म्हटलं, "तेजू, ही नको." तिला ऐकू गेलं नाही.

मात्र रस्ता मोकळा झाला आणि ती गाडी बदलली. कंटेनर मागे पडला, दुसरा मागे पडला. वारा डोक्यावरून जात होता. राहुड घाटात वळणं सुरू झाली. तेजू गाडी झुकवायची, आणि गाडी रुळावरून गेल्यासारखी वळायची. मी डोळे मिटले होते. आणि मला पुढून आवाज आला. आधी वाटलं गाडीचं काही बिघडलं. तेजू हसत होती. एकटीच, मोठ्याने. इतक्या वर्षांत मी तिला स्टाफरूममध्ये हसताना पाहिलं आहे, पण ते हसणं तोंड मिटून असतं. हे वेगळं होतं.

घाटाच्या माथ्यावर चहाच्या टपरीपाशी तिने गाडी थांबवली. खाली बारीक खडी, जमीन कलती. मी आधी उतरले. तिने पाय टेकवला, तो खडीवरून सरकला आणि गाडी सावकाश, अगदी सावकाश तिच्यासकट कलंडली. तेजू उडी मारून बाजूला झाली. तिला लागलं नाही. गाडी आडवी पडून राहिली.

टपरीवरची चार माणसं धावत आली. एक म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, तुम्हाला नाय जमणार." दुसरा म्हणाला, "हँडल धरून उचला रे." तिसरा म्हणाला, "हँडल नको, मोडंल, मागून धरा." चौथ्याने आधी पेट्रोल बंद करायला सांगितलं. कुठलं पेट्रोल, कसं बंद, त्यालाच माहीत. त्यांचं आपसात भांडणच लागलं. तेजूने इंजिन बंद केलं, गाडीकडे पाठ केली, खाली बसली. एक हात हँडलला, एक मागच्या पट्टीला, कंबर सीटला टेकवली, आणि पायाने मागे मागे रेटत उभी राहिली. गाडी तिच्याबरोबर उभी राहिली. स्टँड लावला. चौघे अजून हँडलवर वाद घालत होते.

"व्हिडिओत पाहिलं होतं," ती मला म्हणाली. चहाचा कप तिने दोन्ही हातांनी धरला.

डावीकडचा आरसा फुटला होता. संध्याकाळी तिने दुखरं मनगट चोळत प्रफुल्लला आधी ते दाखवलं आणि मगच किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी नवा आरसा आणून स्वतः बसवला.

रविवारी करडी. करडीबद्दल मी काय सांगू? सीट रुंद, गुडघे जागच्या जागी, ब्रेक दाबला तरी मी माझ्या जागेवर. शहरातून ती लोण्यासारखी निघाली. कंटेनर आला की तेजू नुसतं मनगट वळवायची आणि तो मागे जायचा, गिअर बदलण्याचीही गरज नाही. वडाळीभोईजवळ कांद्याची ट्रॉली हात न दाखवता आडवी आली, गाडी जागच्या जागी थांबली, आम्ही जराही हललो नाही. पुढे मला चक्क डुलकी लागली. घाटात ती छान वळली. टपरीवर छान उभी राहिली. तेजूचे पाय नीट टेकले.

"हीच," मी म्हटलं.

"हं," तेजू म्हणाली. "हीच शहाणपणाची आहे."

मला इतका आनंद झाला की मी त्या टपरीवर दोन भजी जास्त खाल्ली. घरी बयाबाईंनी सुटकेचा नि:श्वास टाकला. शेखर म्हणाला, करडी एकदम योग्य. केमिस्ट्रीच्या सरांनाही अचानक करडीच पहिल्यापासून पसंत असल्याचं आठवलं. होळीच्या आधीच्या शनिवारी आम्ही दोघी करडीच्या शोरूममध्ये गेलो. ती गोड आवाजाची मुलगी आज गाडी समोरच ठेवून बसली होती. तिने कागद पुढे केले. तेजूने पेन उचललं.

मग तेजू म्हणाली, "मी जरा पाणी पिऊन येते," आणि बाहेर गेली.

पाण्याचा कूलर आतच होता. मी पाच मिनिटं वाट पाहिली आणि बाहेर गेले. ती शोरूमच्या पायरीवर बसली होती, रस्त्याकडे बघत.

"काय झालं?"

"निळी घेणार आहे."

"तेजू, ती पाय भाजते. मनगट दुखतं. पाय टेकत नाहीत. तू ती पाडलीस!"

"आणि उचलली."

"दिवाळीपासून मी ऐकतेय. चाळीस ते ऐंशी, चाळीस ते ऐंशी! सगळं तर करडीच्या बाजूने आहे."

"आहे ना," ती म्हणाली. "तेच सांगतेय. बारावीनंतर पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता माझा. दादा तेव्हा तिथे हॉस्टेलवर होता, दोघांचं एकदम झेपलं नसतं. मी म्हटलं, नाशिकला बीएस्सी करते. सगळे म्हणाले, तेजू शहाणी आहे. मग चांदवडची नोकरी घेतली, घरून येऊन-जाऊन करता येतं म्हणून. पुन्हा शहाणी. पश्चात्ताप नाही गं मला, बरंच चाललंय. पण त्या दिवशी घाटात मी मोठ्याने हसले, ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"करडीवर नाही हसले."

मी चिडले होते. अजूनही आहे. कुठलं हसणं, कुठली बारावी, या कारणावर कुणी एवढी मोठी गाडी घेतं का? आणि घ्यायचीच होती तर दिवाळीतच घ्यायची, माझा अख्खा हिवाळा का खाल्लास? हे सगळं मी तिला त्या पायरीवर बोलले. ती ऐकून घेत होती. मग उठली, आत जाऊन त्या मुलीची नीट माफी मागितली आणि आम्ही मुंबई नाक्याला गेलो, त्याच गुळगुळीत केसांच्या माणसाकडे.

"त्याच्याकडून घेणार?" मी विचारलं.

"दुसरं शोरूमच नाही नाशकात," ती म्हणाली.

तो आम्हाला पाहून उठला आणि दाराकडे बघत म्हणाला, "सर नाही आले?"

गाडी मिळाली त्या दिवशी सगळे गेले. बयाबाईंनी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आप्पा गाडीभोवती फिरून आले आणि साखळीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिले. विक्रेत्याने पुठ्ठ्याची मोठी किल्ली आणली, फोटोसाठी, आणि ती शेखरच्या हातात दिली. शेखरने ती बहिणीकडे सरकवायचा प्रयत्न केला, पण फोटोवाल्याने "सर, इकडे बघा" म्हणून त्याला धरूनच ठेवलं. तेजूने खरी किल्ली लावली, हेल्मेट घातलं आणि फोटो निघायच्या आत निघून गेली. शोरूमच्या भिंतीवर आता शेखरचा फोटो आहे, शेजारी आई, मागे रिकामी जागा.

मी रागाने एसटी सुरू केली. सकाळी द्वारका चौकात उभं राहायचं, मालेगावच्या गाडीत उभ्याने जायचं, पहिला तास चुकवायचा. दोनदा ओझरजवळ ती माझ्या बसला ओलांडून गेली. मी खिडकीतून पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं.

मे महिन्यात तिची मनगटं सुजली. डॉक्टरांनी पट्टी बांधली. माझ्या तोंडून शब्द निघू नये म्हणून मी स्टाफरूममध्ये अक्षरशः पाण्याची बाटली तोंडाला लावून बसायची. तिने हँडलखाली तुकडे बसवून ते उंच करून घेतलं. म्हणजे आता ती जवळजवळ करडीवर बसल्यासारखीच बसते. हेही मी तिला म्हटलं नाही. फक्त इथे लिहितेय.

कॉलेज उघडलं त्या दिवशी सकाळी ती उपनगरच्या सिग्नलवर माझ्यासमोर येऊन थांबली. मागची सीट बदललेली होती, रुंद, जाड, मऊ. देवळाली कॅम्पच्या एका सीटवाल्याकडे सुट्टीभर तीन खेपा घालून तिने ती करून घेतली होती. पहिली कडक झाली, दुसरी कललेली, तिसरी ही.

"बस," ती म्हणाली.

"मी एसटीने जातेय."

"एसटी गेली. मागे बघितलं मी द्वारकेला."

"खोटं बोलतेस. तू जेल रोडकडून आलीस. द्वारका पुढे आहे."

मागून रिक्षावाल्याने हॉर्न मारायला सुरुवात केली. सिग्नल सुटला होता. तेजू हलेना. रिक्षावाला बाहेर डोकं काढून म्हणाला, "ताई, बसा ना, नाहीतर बाजूला व्हा, लोकांना कामं आहेत."

मी पर्स गळ्यात अडकवली, चष्मा काढून तिने माझ्यासाठी आणलेलं हेल्मेट घातलं, पुन्हा चष्मा लावला आणि चढले. आडगावपर्यंत एकदाही टक् झालं नाही. ओझर सुटल्यावर पुढे एक कंटेनर दिसला. तेजूने मनगट वळवलं. मी ओरडले, "हळू!" तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.